मागच्या दोन चाकांची हवा

जावईबापूंना गाडीतलं सगळं कळतं, ही बातमी मावशींना खुद्द जावईबापूंनीच दिली होती. पहिल्यांदा घरी आले तेव्हा. हातात चहाचा कप होता, समोर मावशींची काळी नखं होती, आणि ह्या बाईने पंचवीस वर्षं टायर उघडण्यात घालवली आहेत हे मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं. तरी त्यांनी विचारलंच, "तुम्हाला कल्पना आहे का आई, टायर हा गाडीचा किती महत्त्वाचा भाग असतो?"

"अगंबाई, हो का?" मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. अर्धा तास. मावशींनी दोनदा चहा ओतला आणि मनाशी म्हटलं, मुलीला आवडलाय ना, मग आपण कान तेवढे द्यायचे.

टायरचं दुकान मूळचं मावशींच्या सासऱ्यांचं. घाट जिथून चढायला लागतो तिथे, वळणाच्या अलीकडे. एक शटर, दमेकऱ्यासारखा धापा टाकणारा कंप्रेसर, पंक्चर बघायला पाण्याचा टब, आणि दाराशी जुन्या टायरांची चळत. मावशींच्या नवऱ्याला काळे हात आवडत नव्हते, तो कचेरीत चिकटला आणि तिथेच पांढरा झाला. सासऱ्यांनी मग सुनेलाच हाताशी धरलं. त्यांनी तिला दोन नियम घालून दिले. मालकाने सांगितल्याशिवाय कुठल्या गाडीच्या हवेला हात लावायचा नाही. आणि चालून आलेल्या गाडीची हवा मोजायची नाही. टायर तापलेलं असतं, आतली हवा फुगलेली असते, मीटर जास्तच दाखवतं. गाडी आधी थंड होऊ द्यायची. म्हणून मावशींच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या आणि एक स्टोव्ह. घाईचं गिऱ्हाईक चिडायचं. मावशी म्हणायच्या, "घाईत असाल तर पुढे दुसरं दुकान आहे. तिथे तो गरम मोजून देतो, आणि वर छान हसतो."

तिसरा नियम मावशींचा स्वतःचा होता. लेकीच्या संसारात नाक खुपसायचं नाही. दोन वर्षं त्या हा नियम काठोकाठ भरलेल्या बादलीसारखा जपून नेत होत्या. एका शनिवारी दुपारी बादली हिंदकळली.

लेक गाडी घेऊन आली. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. ते नाव तिच्या नोकरीच्या कागदांवर सोडून बाकी सगळीकडे चालायचं. घाटाच्या वर एक दवाखाना होता, तिथे रक्त तपासायच्या खोलीत तिला दोन आठवड्यांपूर्वी काम लागलं होतं. वर जाणारी बस दिवसातून एकच, तीही दुपारी. म्हणून ती गाडी घेऊन जायची.

भिंगरी खुर्चीत बसली आणि हातांकडे बघत राहिली. मावशींनी स्टोव्ह पेटवला.

"आई, मला गाडी येत नाही गं."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? काल परत झालं. तिसऱ्या वळणावर. उतरताना. थोडक्यात वाचले, समोरून दूधवाल्याची गाडी असती तर..."

मावशींच्या हातातली साखर स्टोव्हवर सांडली. पण आवाज त्यांनी गिऱ्हाइकाशी बोलायचाच ठेवला. "काय झालं ते नीट सांग. तू स्टिअरिंग वळवलंस. मग गाडी वळलीच नाही, सरळ बाहेर जायला लागली? की जास्तच वळली?"

"जास्तच. म्हणजे आधी छान वळली. एकदम चटकन. मग मला वाटलं वेग जास्त होतोय, म्हणून मी पाय उचलला, आणि मागून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं. मागची बाजू बाहेरच निघाली."

"नाक बाहेर गेलं नाही. बूड गेलं."

"बूड गेलं."

"पहिल्यांदा झालं तेव्हाही पाय उचलला होतास?"

"हो. हे म्हणतात तीच माझी चूक आहे. वळणात पाय उचलायचा नसतो. म्हणतात बायकांना ते अंगातच नसतं."

मावशींनी गाळणं कपावर ठेवलं. बायकांच्या अंगात काय असतं आणि काय नसतं ह्यावर त्यांच्याकडे बोलायला बरंच होतं, पण ती चहा गाळायची वेळ होती.

"आता काय करणार आहेस?"

भिंगरीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. राजीनामा होता. सुंदर टाईप केलेला, दोन्ही बाजूंना सारखा समास सोडलेला. 'वाहन चालवण्याच्या माझ्या मर्यादा लक्षात घेता' असं वाक्य होतं त्यात.

"हे तुझं वाक्य नाही."

"ह्यांनी टाईप करून दिलं. म्हणाले सोमवारी देऊन टाक, उगीच जिवाशी खेळ नको. काळजीनेच म्हणाले गं."

"हो, समास बघूनच कळतंय काळजी किती आहे ती."

चहा झाला, दुसरा झाला. चांगला दीड तास गेला. गाडी सावलीत उभी होती. मग मावशी उठल्या, मुलीला म्हणाल्या, "गाडी आत्ता तुझ्या ताब्यात आहे, म्हणजे मालक तूच. मोजू का?"

"मोज. पण भरू नकोस हं. ह्यांनी स्वतः मोजून ठेवलीये, रविवारच्या रविवारी वहीत लिहितात."

मावशींनी चारही चाकं मोजली आणि खडूने प्रत्येक टायरवर आकडा लिहिला. पुढे अडतीस, अडतीस. मागे बावीस, बावीस. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर गाडी बनवणाऱ्यांनी कागद चिकटवलेला असतो, त्यावर लिहिलं होतं: पुढे बत्तीस, मागे तीस.

त्या वाकल्या होत्या तशाच राहिल्या. कंबरेमुळे नाही. पंधरवडाभर आपली पोर अशा गाडीत बसून रोज घाट उतरत होती, आणि आपण पायथ्याशी बसून लोकांच्या रिक्षांना ठिगळं लावत होतो.

"मागची हवा एवढी कमी कशी?"

"सासूबाईंची कंबर. रविवारी त्या मागे बसतात ना, धक्के बसतात म्हणून. फिरून आलो की हे मीटर लावतात, बघतात आणि काढतात. आणि पुढे इंजिनाचं वजन असतं म्हणून तिथे जास्त भरतात. म्हणतात, चौकटीवरचा कागद सामान्य माणसांसाठी असतो."

"फिरून आल्यावर. गरम असताना."

"हो."

"उन्हात उभी करून?"

"मागची बाजू उन्हात येते दारात. का गं?"

मावशी टायरांच्या चळतीवर बसल्या. कुणाला शिव्या द्यायच्या असल्या की त्या बसून देत. उभ्याने त्यांना धाप लागे. पण नियमाची बादली अजून हातात होती. त्यांनी शिव्या गिळल्या आणि चळतीतल्या एका टायरच्या भिंतीवर हात ठेवला.

"हे बघ. टायरला उभं ठेवते ती आतली हवा. हवा कमी झाली की ह्या भिंती लुळ्या पडतात. गाडी वळायला लागली की असं टायर आधी कुशीवर कलंडतं, मग कुठे रस्ता धरतं. आता तुझी पुढची दोन टणक. तू स्टिअरिंग हलवायचा अवकाश, ती वळली. मागची दोन अजून कूस बदलतायत. त्यात तू पाय उचललास. पाय उचलला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागचं हलकं होतं. लुळं आणि वर हलकं. ते कशाला रस्ता धरून बसेल? निघालं बाहेर."

"आणि पुढची लुळी असती तर?"

"तर गाडीने तुझं ऐकलंच नसतं. तू वळवत बसली असतीस आणि ती सरळ गेली असती. तीही वाईटच, पण निदान भित्र्या माणसाने पाय उचलला तर ती सावरते. ही भित्र्यालाच मारते."

भिंगरी खडूच्या आकड्यांकडे बघत राहिली. "म्हणजे माझी चूक नव्हती?"

ह्या प्रश्नाला मावशी तिथल्या तिथे हो म्हणू शकत होत्या. हवा भरून, आकडे पुसून मुलीला घरी पाठवू शकत होत्या. पण मग जावईबापू रविवारी वही उघडणार, मीटर लावणार आणि फुस्स करणार. आणि मुलगी? ती आयुष्यभर म्हणणार, आई आहे ती, बरं वाटावं म्हणून म्हणाली.

"मी सांगून काय होणार? उद्या सकाळी वखारीमागच्या मैदानात ये. जावईबापूंनाही आण."

"ते नाही यायचे."

"येतील. त्यांना म्हणावं, आईला तुमच्याकडून शिकायचंय."

जावईबापू वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर.

पांढरे बूट घालून आले होते. वखारीच्या मागे पसरलेलं सिमेंटचं मैदान, त्यावर बारीक धुळीचा थर, रविवार असल्यामुळे चिटपाखरू नाही. मावशींनी हातगाडीवरून वीस जुनी टायरं आणून त्यांचं एक वळण मांडलं होतं, घाटातल्या तिसऱ्याइतकंच. शेजारी त्यांचा छोटा पंप ठेवला होता.

"छान कल्पना आहे, आई," जावईबापू म्हणाले. "तिचा सरावही होईल. मुळात काय आहे, ही पाय उचलते."

"तेच तर बघायचंय. तुम्ही माझ्याजवळ उभे राहा आणि मला समजावून सांगा. ती चालवेल."

भिंगरीने पट्टा लावला. पहिल्या फेरीला ती इतकी हळू गेली की टायरांना कंटाळा आला असेल. दुसऱ्या फेरीला चाळीसच्या वेगाने आली, वळणात शिरली, आणि मावशींनी आदल्या दिवशी सांगून ठेवल्याप्रमाणे मध्येच पाय उचलला. मागची बाजू सरकली, चार टायरं उडाली, एक गडगडत येऊन जावईबापूंच्या बुटाला लागलं.

"पाहिलंत?" जावईबापू जवळजवळ आनंदाने ओरडले. "उचलला! उचलला पाय!"

"पाहिलं," मावशी म्हणाल्या. "आता तुम्ही चालवून दाखवा. तिलाही कळेल कसं चालवतात ते."

"हो, चालेल की. तसं माझं घाटात फारसं जाणं होत नाही, पण तत्त्व तेच."

"तेच तर. तत्त्व माहीत असल्यावर घाट कशाला लागतो?"

जावईबापूंनी सीट मागे सरकवली, आरसा नीट केला, मग उगीचच पुन्हा नीट केला. भिंगरीला नोकरी लागेपर्यंत त्यांची गाडी घर ते कचेरी, कचेरी ते घर अशी सरळ रस्त्याने जायची. वाटेत होते ते फक्त चौक, आणि चौकात थांबवणारे सिग्नल. आता त्यांनी मैदानाच्या टोकापासून जोरात वेग घेतला. वळण आलं. गाडी झटकन आत वळली. झटकन जरा जास्तच. समोर टायरांची रांग अंगावर येताना दिसली, आणि जगात प्रत्येक माणूस जे करतो ते जावईबापूंनी केलं. पाय उचलला. नुसता उचलला नाही, उचलून ब्रेकवर ठेवला.

गाडी गर्रकन फिरली. धूळ उडाली. धूळ खाली बसली तेव्हा गाडी आल्या वाटेकडे तोंड करून उभी होती, आणि काचेमागून जावईबापू थेट मावशींकडे बघत होते.

मावशींनी तोंडाला पदर लावला. धूळ होती ना.

मग जावईबापू उतरले. आवाज कचेरीतलाच होता. "इथे खडी आहे. सरफेस बरोबर नाहीये."

"असेल," मावशी म्हणाल्या.

"आणि ही सीटही माझ्या सवयीची राहिली नाही, हिने पुढे घेतल्यापासून."

"ते तर आहेच."

"आणि पाय मी मुद्दाम उचलला. दाखवायला. म्हणजे काय करायचं नाही ते."

"अहो, फार छान दाखवलंत," मावशी म्हणाल्या. "मला एकदम समजलं. इतकी वर्षं कुणी इतकं स्पष्ट दाखवलं नव्हतं. आता एक करू का? तुमच्या परवानगीने. मालक तुम्ही आहात."

त्यांनी चौकटीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. जावईबापूंनी खिशातून आपलं यंत्र काढलं, दशांशापर्यंत आकडा दाखवणारं, निळ्या दिव्याचं. मावशी मोठ्या मनाने म्हणाल्या, "तुमच्याच मीटरने मोजा. आमच्या पितळी मीटरला दशांश कुठे येतो!" गाडी आत्ताच दोन-तीन फेऱ्या मारून गरम झालेली, म्हणून त्यांनी सगळ्यांना अर्धा तास वखारीच्या पायरीवर बसवलं. थर्मासमधला चहा काढला. जावईबापू अर्धा तास गप्प बसले. ही गोष्ट त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होती, आणि भिंगरी ती नवलाने बघत होती.

मग मोजलं. मागे बावीस पूर्णांक तीन. पुढे अडतीस पूर्णांक एक.

"तुमचं मीटर चांगलं आहे," मावशी म्हणाल्या, आणि हे त्या खरंच म्हणाल्या. "खोटं नाही बोलत. तुम्ही त्याला विचारता चुकीच्या वेळी. दुपारी तापल्यावर विचारलंत की ते म्हणतं एकतीस, तुम्ही काढून सव्वीसवर आणता, आणि सकाळी माझी मुलगी निघते तेव्हा त्यातलं राहतं एवढंच."

"पण आईची कंबर..."

"कंबरेला उशी द्या. हवा कशाला काढता?"

पुढची हवा कमी केली, मागची भरली. पंप धापा टाकत होता तेवढ्यात भिंगरीने उडालेली टायरं परत रांगेत लावली. मग ती बसली. आईने काही सांगितलं नव्हतं तरी तिने खिडकीतून विचारलं, "पाय उचलू?"

"उचल. मनापासून उचल."

चाळीस. वळण. पाय उचलला. गाडीचं नाक जरासं आत झुकलं, मागचं मागोमाग आलं, आणि एकही टायर हललं नाही.

भिंगरी दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. बराच वेळ गाडी तिथे नुसती उभी होती. मग वळली आणि परत आली. पंचेचाळीस. परत गेली, परत आली. पाचव्या फेरीला तिने काच खाली घेतली होती. सातव्या फेरीला ती बघतच नव्हती ह्या दोघांकडे.

"पुरे गं," जावईबापू म्हणाले. "पेट्रोल..."

"राहू द्या," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज असा आला की जावईबापूंनी वळून बघितलं. मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं. ह्यावेळी धूळ नव्हती, पण विचारायची त्यांची छाती झाली नाही.

अकरा फेऱ्या झाल्यावर भिंगरी उतरली. केस विस्कटलेले, गाल लाल. "आई, आकडे लिहून दे. मी सकाळी निघायच्या आधी रोज मोजणार. मीटर मला द्या हो तुमचं."

जावईबापूंनी मीटर दिलं. देताना एकदा निळा दिवा लावून बघितला.

"कागद दे, कशावर लिहू?" मावशी म्हणाल्या.

भिंगरीने पर्समध्ये हात घातला. जो कागद मिळाला तो दोन्ही बाजूंना समास सोडलेला होता. मावशींनी मागच्या कोऱ्या बाजूवर, गाडीच्या टपावर ठेवून, ठळक अक्षरात लिहिलं: पुढे बत्तीस. मागे तीस. सकाळी. थंड असताना. सासूबाई मागे बसल्या तरी.

जावईबापूंनी कागद ओळखला. मग ते वाकून पांढऱ्या बुटावरची धूळ पुसायला लागले. मावशींना त्या वाकलेल्या पाठीकडे बघून क्षणभर वाटलं, असो, काळजीनेच केलं होतं त्याने. फक्त काळजीला अक्कल नव्हती. क्षणभरच वाटलं.

सोमवारी सकाळी भिंगरी घाट चढली. मावशींनी त्या दिवशी दुकान तासभर आधी उघडलं आणि तिचा निरोप येईपर्यंत एकही गाडी हातात घेतली नाही. फोन स्टोव्हजवळ ठेवला होता. साडेआठला तो वाजला.

"पोचले. उतरताना तिसऱ्याला कसं होतं ते संध्याकाळी सांगते."

संध्याकाळी तिने फोन केला नाही. दुकानासमोर गाडी थांबवली, दोनदा हॉर्न दिला, हात हलवला आणि निघून गेली. मावशी अर्धवट भरलेलं टायर तसंच सोडून रस्त्यापर्यंत आल्या होत्या. मागे गिऱ्हाईक ओरडत होतं.

तिसऱ्या रविवारी जावईबापू स्वतः गाडी घेऊन दुकानात आले. पहिल्यांदाच. सकाळी सकाळी, कारण आता त्यांना सकाळचं महत्त्व कळलं होतं. मागच्या सीटवर नवीकोरी उशी होती. "मी बराच अभ्यास केला, आई," ते म्हणाले. "कंबरेसाठी हवा कमी करणं ही लोकांची फार मोठी चूक आहे."

"अगंबाई, हो का?"

खुर्चीत एक टॅक्सीवाला बसला होता, गेली पंधरा वर्षं मावशींकडे येणारा. जावईबापू त्याच्याकडे वळले. "तुम्हाला कल्पना आहे का, मागच्या चाकात हवा कमी असली तर वळणावर काय होतं?"

टॅक्सीवाल्याने मावशींकडे बघितलं. मावशींनी स्टोव्ह पेटवला, तीन कप मांडले.

"ऐका, ऐका," त्या म्हणाल्या. "आमचे जावई आहेत. स्वतः करून बघितलंय त्यांनी."